चौथ्या प्रकरणातला सातवा प्रश्न

एकतीस वर्षं एव्हर्ट ब्रुगिंक दर सोमवारी झुटफेनहून गाडी पकडून उत्रेख्तला जायचा आणि देशभरातून आलेल्या वीस-बावीस पोरापोरींना रांगांचं आणि वेळापत्रकांचं गणित शिकवायचा. गणिती निर्णयशास्त्रात डॉक्टरेट करणारे आमच्याकडे मुळातच थोडे, आणि तेही विखुरलेले. ग्रोनिंगनमध्ये दोघं, टिलबर्गमध्ये तिघं, डेल्फ्टमध्ये चौघं. एवढ्याशा लोकांसाठी प्रत्येकाने वेगळा वर्ग काय चालवायचा? म्हणून सगळ्या विद्यापीठांनी मिळून सोमवारचा एक वर्ग काढला आणि देशाच्या मधोमध म्हणून तो उत्रेख्तला ठेवला. सगळ्यांची सारखीच गैरसोय, म्हणजे न्याय झाला. येताना डब्यात चीज-पाव आणायचा, दिवसभर ऐकायचं, गृहपाठ घरी करून पाठवायचा. ठरलेले विषय सुटले की प्रमाणपत्र मिळायचं. ते नसेल तर गाईडचं तोंड वाकडं व्हायचं.

एव्हर्टच्या टिपणवहीतल्या चौथ्या प्रकरणातला सातवा प्रश्न साऱ्या वर्गाला ठाऊक होता. पोरं त्याला 'चार-सात' म्हणायची. तीन यंत्रं आहेत, पुढे कामांची रांग आहे. रांगेतली शेजारची दोन कामं अमुक अटींवर अदलाबदल केली, तर शेवटचं काम आधीपेक्षा उशिरा कधीच संपणार नाही, हे सिद्ध करा. अटी तीन होत्या, त्या सांगून मी कुणाला छळत नाही. प्रश्न अवघड म्हणून गाजलेला. आणि गाजलेल्या प्रश्नाचं उत्तर एका वर्षीची पोरं पुढच्या वर्षीच्या पोरांना पोचवतात, हे एव्हर्टलाही माहीत होतं. तो गालातल्या गालात हसायचा आणि पानभर सिद्धतेवर बरोबरची खूण करायचा.

सहासष्टाव्या वर्षी तो वर्ग मार्लूस नावाच्या तरुण प्राध्यापिकेकडे सोपवायचं ठरलं. ती म्हणाली, "सर, प्रश्न देताय तशी उत्तरंही द्या. मला परत डोकेफोड नको." म्हणून जानेवारीत तो घरी बसून उत्तरं नीट लिहून काढायला लागला. पहिली तीन प्रकरणं आठवड्यात उरकली. चार-सात आला तेव्हा त्याने कपाटातून स्वतःची जुनी सिद्धता काढली, अठ्ठावीस-तिसाव्या वर्षी लिहिलेली, आणि उतरवायला घेतली. पाचव्या ओळीवर लिहिलं होतं, 'हे उघडच आहे.'

एव्हर्टने पेन खाली ठेवलं. उघड काय आहे ते त्याला दिसेना.

म्हातारपण आलं, असं वाटून तो चहा करून आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसला, तिसऱ्या दिवशी पुन्हा. त्याची बायको डीनी म्हणाली, "त्या कागदाकडे असा बघतोस, जसं काही त्याने तुझं काही घेतलंय." बाराव्या दिवशी त्याने सिद्ध करायचा नाद सोडला आणि उलटा प्रयत्न सुरू केला. दोन तासांत त्याच्यासमोर सात कामं उभी होती, एकही आकडा नवाच्या वर नाही. अदलाबदल केली, तर शेवटचं काम दोन तास उशिरा संपत होतं. शाळेतल्या मुलाने बोटांवर मोजावं इतकं सोपं.

म्हणजे चार-सात खोटा होता. एकतीस वर्षांत सहाशेच्या वर माणसांनी तो सिद्ध केला होता, आणि एव्हर्टने त्या सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण दिले होते.

सगळ्यांना नाही. एकाला शून्य दिलं होतं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्याने मार्लूसला गाठलं आणि सात कामांचा कागद तिच्यापुढे ठेवला. ती पाव चावता चावता बघत होती, मग चावायची थांबली.

"अरे देवा," ती म्हणाली. "मला दहापैकी दहा दिले होतेत तुम्ही यात."

"उतरवला होतास?"

"सगळेच उतरवायचे, सर. तुम्ही काय, जसं काही माहीतच नाही!"

"आणि पाचवी ओळ? तुला खटकली नाही?"

"तिथे 'उघडच आहे' असं लिहिलं होतं ना. मी म्हटलं, सगळ्यांना उघड दिसतंय, मलाच दिसत नाही. बोलून कशाला आपली शोभा करून घ्यायची?" तिने कागद परत सरकवला. "काही नाही, प्रश्न काढून टाकू. आठवा तो सातवा होईल."

"आणि ज्यांनी सिद्ध केला ते?"

"ते आज कुठे कुठे आहेत. कुणी रेल्वेची वेळापत्रकं करतंय, कुणी विमा कंपनीत बसलंय. चार-सातवाचून कुणाचं काही अडलंय का? मनाला नका लावून घेऊ."

मार्लूस चांगली मुलगी आहे, हुशारही आहे. पण ज्याचं अडलं होतं त्याचं नाव तिने ऐकलेलंच नव्हतं.

त्याचं नाव त्यालिंग रोझेमा. बावीस वर्षांपूर्वी ग्रोनिंगनहून यायचा. पहाटेची गाडी, दोन-सव्वादोन तासांचा प्रवास. वर्गात सगळ्यात आधी तोच पोचलेला असायचा. त्याने चार-सातखाली सिद्धता लिहिली नव्हती, एक ओळ लिहिली होती: 'हे विधान खरं आहे असं मला वाटत नाही.' आणि एव्हर्टने, तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा, आवाज चढलेला, ती ओळ भर वर्गात वाचून दाखवली होती. "दीडशे लोकांना जमलं," तो म्हणाला होता, "फक्त रोझेमांना वरून निरोप आलाय की हे खोटं आहे." वर्ग हसला होता. शिक्षकाने विनोद केला की वर्ग हसतोच, त्यात विनोदाचं कर्तृत्व काही नसतं.

एवढंच असतं तर एव्हर्टने स्वतःला समजावलं असतं. पण वर्ष संपताना त्यालिंगच्या गाईडने फोन करून विचारलं होतं, मुलगा कसा आहे, पुढची तीन वर्षं त्याच्यावर घालवावीत का? आमच्याकडे पहिल्या वर्षाअखेर हा निकाल लागतो, राहायचं की निघायचं. एव्हर्टने उत्तर दिलं होतं, "मेहनती आहे. पण स्वतःची चूक कबूल करत नाही." ते वाक्य त्याला शब्दन् शब्द आठवत होतं, कारण तेव्हा ते त्याला फार नेमकं वाटलं होतं. उन्हाळ्यानंतर त्यालिंग आला नाही.

"मी त्याला भेटणार आहे," एव्हर्ट रात्रीच्या जेवणाला डीनीला म्हणाला. "त्याचं जे होतं ते त्याला परत द्यायचंय."

डीनी बटाटे वाढत होती. "माफी मागायला जातोयस, की माफी आणायला?"

"दोन्हींत फरक काय?"

"एकात तो आहे, एकात तू आहेस," ती म्हणाली आणि मोहरीच्या सॉसची बाटली त्याच्याकडे सरकवली.

शोधायला वेळ लागला नाही. विन्सखोटनमध्ये रोझेमा ड्रायव्हिंग स्कूल होतं, खाली मोबाइलचा नंबर. एव्हर्टने नाव सांगितलं तेव्हा पलीकडून मोठ्याने हसू आलं.

"ब्रुगिंक सर! गाडी शिकायचीय का या वयात?"

"भेटायचंय तुला. एक सांगायचंय."

"या की. गुरुवारी अकराला दोन विद्यार्थ्यांच्या मधे चाळीस मिनिटं आहेत. पोहण्याच्या तलावामागे पार्किंग आहे, तिथेच असतो. निळी गाडी, डोक्यावर एल."

आवाज मोकळा होता, आनंदी होता. एव्हर्टला बरं वाटलं. माणूस सुखात आहे, त्याच्या पदरात आणखी एक चांगली गोष्ट टाकायची आहे; यात भिण्यासारखं काय आहे? गुरुवारी आगगाडीत बसून त्याने पुढचं सगळं आखून ठेवलं. टिपणवहीच्या नव्या आवृत्तीत त्यालिंगचं नाव घालायचं. सोमवारच्या वर्गासमोर स्वतः उभं राहून सांगायचं. विद्यापीठांच्या मंडळाला लिहून त्याला ते प्रमाणपत्र मिळवून द्यायचं. पंचेचाळिशी-सत्तेचाळिशी म्हणजे काही वय नाही.

निळी गाडी सांगितल्या जागी उभी होती. त्यालिंग आत बसलेला, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर, पायाशी शिक्षकाचे जादा ब्रेक. डोक्यावर केस उरले नव्हते, पोट सुटलं होतं, चेहरा लाल आणि प्रसन्न.

"तिकडे बसा, स्टिअरिंगपाशी," तो म्हणाला. "माझी बाजू हीच. एकोणीस वर्षं झाली, दुसरीकडे बसलो तर पाय कुठे ठेवायचे कळत नाही."

एव्हर्ट स्टिअरिंगसमोर बसला. त्यालिंगने थर्मासमधून कॉफी ओतली, एकेक बिस्किट दिलं, आणि आपणहून बोलायला लागला. बायको इथल्याच शाळेत, मुलगी सोळा वर्षांची, गणितात बरी आहे. विद्यार्थी लांबून लांबून येतात, का तर इतरांकडे तीनतीनदा नापास झालेले इथे पास होतात.

"गुपित काय सांगू?" तो म्हणाला. "मी त्यांना माझी गोष्ट सांगतो. म्हणतो, मी गणितात डॉक्टर व्हायला निघालो होतो. कष्ट सगळे केले, पण डोकं तेवढं नव्हतं. नव्हतं तर नव्हतं. एकदा कबूल केलं, आणि बघ, मजेत आहे. नापास झालास तर मेला नाहीस. हे ऐकलं ना सर, की त्यांच्या हाताचा कंपच जातो. तुमचं नाव घेत नाही हं मी, काळजी करू नका."

एव्हर्टच्या हातात कॉफी तशीच राहिली. परत फिरावं, सहज आलो होतो म्हणावं, असं त्याच्या मनात आलं. खरंच आलं. पण तीन आठवडे तो हे ओझं घेऊन हिंडत होता आणि ते खाली ठेवायला इथवर आला होता. डीनी बरोबर बोलली होती, हे त्याला त्या क्षणी कळलं, आणि कळूनही तो बोलला.

"चार-सात खोटा आहे, त्यालिंग. तू लिहिलंस ते बरोबर होतं."

त्यालिंगने बिस्किट मांडीवर ठेवलं. कुठला चार-सात, असं त्याने विचारलं नाही.

"कधी कळलं?"

"जानेवारीत. उत्तरं लिहिताना. पाचवी ओळ चुकीची आहे. मी सात कामांचं उदाहरण काढलंय, अदलाबदल केली की..."

"दोन तास उशीर होतो," त्यालिंग म्हणाला.

एव्हर्टने कॉफीचा कप डॅशबोर्डवर ठेवला.

"तुम्हाला आठवत नाही?" त्यालिंगचा आवाज अजून साधाच होता. "मी कागद दाखवला होता तुम्हाला. वर्गात हसले सगळे, त्याच्या पुढच्या सोमवारी. तुम्ही पिशवी भरत होतात, गाडी गाठायची होती. मी म्हटलं, सर, फक्त सात कामं आहेत, एकदा बघा. तुम्ही उभ्याउभ्या नजर टाकलीत आणि म्हणालात, 'बेरीज चुकली आहे. घरी जाऊन शोध.'"

एव्हर्टला काहीच आठवत नव्हतं. तो कागद, तो सोमवार, ते वाक्य, काही म्हणता काही नाही. माणसाने कुणाचं आयुष्य मोडावं आणि ते त्याच्या लक्षातही राहू नये, याची त्याला भयंकर लाज वाटली.

"मी शोधलं," त्यालिंग म्हणाला. "सगळा वसंत शोधलं. गाडीत शोधलं, बाबांच्या घरी शोधलं. दीडशे लोकांना जमलंय, सरांनी बघितलंय, म्हणजे बेरीज चुकली असणारच. सात आकडे, सर. सात आकड्यांतली चूक मला सापडेना. प्रश्न सुटला नाही याचं मला काही नव्हतं हो. पण समोर असलेली चूक ज्याला दिसत नाही, त्याने हे काम करू नये, एवढं मला कळलं. माझ्या गाईडनेही तेच सांगितलं. स्वतःची चूक कबूल करत नाहीस, म्हणाले."

ते वाक्य कुणाचं, हे एव्हर्टने सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

त्यालिंगने डॅशबोर्डवरून विद्यार्थ्यांच्या नोंदीचं एक कार्ड उचललं, उलटं केलं आणि न थांबता आकडे लिहिले. सात कामं, त्यांचे तास, रांगेतला क्रम, अदलाबदल. बावीस वर्षांनी. मग पेन आणि कार्ड एव्हर्टच्या हातात दिलं.

"तपासा."

"अरे, आता कशाला..."

"तपासा हो, सर. तेव्हा नाही तपासलंत."

एव्हर्टने कार्ड स्टिअरिंगवर टेकवलं. पहिलं काम पहिल्या यंत्रावर, दुसरं दुसऱ्यावर. त्याने आकडे मोठे काढले. पोहण्याच्या तलावाकडून मुलांचा ओरडा ऐकू येत होता. अर्ध्यावर आल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आपण चूक शोधतो आहोत, जिवाच्या आकांताने शोधतो आहोत. एखादी बेरीज खरंच चुकलेली निघाली तर निदान तेवढं तरी आपल्या माथी राहणार नाही. त्याने तिरप्या नजरेने पाहिलं. त्यालिंगही कार्डाकडे तसाच बघत होता. त्यालाही चूकच हवी होती.

आधीचा क्रम, एकोणीस तास. अदलाबदलीनंतर, एकवीस. त्याने पुन्हा एकदा केलं. एकवीसच आले.

"बरोबर आहे," एव्हर्ट म्हणाला.

त्यालिंगने मान हलवली. एव्हर्टने मग भराभर सगळं सांगून टाकलं: टिपणवहीतलं नाव, वर्गासमोरची कबुली, मंडळाला पत्र, प्रमाणपत्र. बोलता बोलता त्याचे त्यालाच ते शब्द फडतूस वाटायला लागले.

"नाव नका घालू," त्यालिंग म्हणाला.

"का पण? तुझा हक्क आहे तो."

"बायकोला माहीत आहे मी का सोडलं. पोरीला माहीत आहे. या गाडीत बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. जमलं नाही म्हणून सोडलं. हे सांगता येतं, सर. ऐकणारा समजून घेतो. जमलं होतं तरी सोडलं, हे कसं सांगू? कुणाला सांगू?"

"माफ कर मला," एव्हर्ट म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्याने पुसलं नाही.

"केलं की. त्यात काय मोठंसं?" त्यालिंग खरंच मनापासून बोलत होता. "तुमचा फोन आला ना, तेव्हा मला वेगळंच वाटलं. म्हटलं, सरांना तो कागद आठवला असणार. कुठे चुकली होती बेरीज ते दाखवायला येताहेत. चार रात्री झोप नाही मला आनंदाने. म्हटलं, एकदाची दिसेल."

"चूक नव्हतीच रे तुझी!"

"होती." त्यालिंगने कार्ड त्याच्या हातातून काढून घेतलं आणि नीट दुमडून खिशात ठेवलं. "आत्ता सापडली. कागद माझ्या हातात होता, आकडे बरोबर होते, आणि मी तुमचं ऐकलं."

नाही, ती चूक माझी, असं एव्हर्टला ओरडून सांगायचं होतं. पण ते खोटं झालं असतं. खरं-खोटं तपासायची त्याला आयुष्यभराची सवय होती, आणि या वाक्यात त्याला कुठे बोट ठेवता येईना.

काचेवर टकटक झाली. बाहेर एक मुलगी उभी होती, लाल जॅकेट घातलेली, पुढच्या तासाची.

"उठता का, सर?" त्यालिंग म्हणाला. "ती जागा तिची आहे."

एव्हर्ट उतरला. मुलगी बसली, तिने सीट पुढे ओढली, आरसा सारखा केला. "परवा परीक्षा आहे, मला रात्रभर घाम फुटत होता," ती म्हणाली. "ती तुमची गोष्ट सांगा ना पुन्हा."

त्यालिंगने जादा ब्रेकवर पाय ठेवला. "पट्टा लाव," तो म्हणाला. मुलीने पट्टा लावला आणि गाडी सुरू केली. फाटकापाशी ती बंद पडली, पुन्हा सुरू झाली, आणि मुख्य रस्त्याला लागली.

एव्हर्ट पार्किंगमध्ये उभा राहिला. तिथे आता एकही गाडी नव्हती. स्टेशनची बस पावणेबाराची होती. ती वेळेवर आली.